हाली आणि कलदार : जालना परिसरातील हुंडणावळ, व्याज आणि भाववाढ

व्याजाचा दर, भाववाढ आणि चलनांचा विनिमय-दर यांचे परस्परसंबंध विशद करताना अर्थशास्त्राचे पाठ्यग्रंथ प्रायः लंडन, न्यूयॉर्क किंवा बर्लिन येथील दाखले देतात. त्यामुळे हा विषय आपल्या भूमीशी संबंध नसलेला, दूरच्या पेढ्यांचा आणि परराष्ट्रीय व्यापाराचा आहे, अशी विद्यार्थ्यांची समजूत होऊन बसते. वस्तुतः मराठवाड्यातील तीन-चार पिढ्यांनी विनिमय-दराचा प्रश्न आठवड्याच्या बाजारात प्रत्यक्ष अनुभवलेला आहे. १९५० पर्यंत जालन्याच्या पेठेत दोन रुपये नांदत होते. एक निजामाचा हाली, पुढे ज्यास उस्मानिया सिक्का म्हणू लागले तो. आणि दुसरा इंग्रज सरकारचा कलदार. या दोहोंचा भाव, त्यांवरील व्याज आणि त्यांनी विकत मिळणाऱ्या ज्वारीची धारण यांचा मेळ कसा बसत गेला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

विवेचनास प्रारंभ करण्यापूर्वी स्थलनिर्देश करणे अवश्य आहे. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके तत्पूर्वी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात होते, तर परतूर परभणी जिल्ह्यात होता. १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख हैदराबाद संस्थानात मोडत असे. परंतु जालन्याहून देऊळगाव राजा किंवा सिंदखेड राजा ही गावे सात-आठ कोसांपेक्षा फार दूर नाहीत; आणि ती वऱ्हाडात, म्हणजे १८५३ च्या तहानंतर इंग्रजी कारभाराखाली गेलेल्या व १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने दिल्या गेलेल्या प्रदेशात होती. तात्पर्य, दोन चलनांची सीमा जालन्याच्या शिवेपासून एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर होती.

१. शब्दांची साक्ष

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे त्यास शब्दांकडून विषयाकडे जाणे सोयीचे वाटते; आणि येथे शब्दही तितकेच बोलके आहेत. ‘हाली’ हा शब्द अरबी ‘हाल’ म्हणजे वर्तमान स्थिती यावरून आलेला आहे. आपण नित्य वापरतो तो ‘हल्ली’ हा शब्द त्याचाच सहोदर होय. हाली सिक्का म्हणजे सध्या चालू असलेला सिक्का. चालू सिक्क्यास ‘चालू’ असे विशेषण लावावे लागते, याचाच अर्थ असा की बाजारात न चालणारे, किंवा कसर लागून चालणारे सिक्केही होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या राज्यात टांकसाळी अनेक होत्या. गदवाल, नारायणपेठ येथील नाणी निराळी. औरंगाबादकडील गोविंदबक्षी रुपया निराळा. पहिल्या सालारजंगाच्या कारभारात या विखुरलेल्या टांकसाळींना आळा बसला आणि हैदराबादच्या टांकसाळीचे नाणे हे राज्याचे नाणे ठरले. १८५८ नंतर त्यावरून दिल्लीच्या बादशहाचे नाव गेले.

‘कलदार’ म्हणजे कळीचा, यंत्रावर पाडलेला. इंग्रजी रुपयाची कड यंत्रामुळे रेखीव असे. ती कातरली वा घासली तर चटकन ओळखू येई. या एका शब्दात लोकांनी इंग्रजी नाण्याविषयीचा विश्वास साठवून ठेवला. ‘बट्टा’ म्हणजे एक नाणे देऊन दुसरे घेताना द्यावी लागणारी तूट. माणसाच्या नावाला बट्टा लागतो असे आपण म्हणतो, तेव्हा सराफाच्या दुकानातील हीच कल्पना आपण नीतीच्या क्षेत्रात नेलेली असते. ‘हुंडणावळ’ हा शब्द तर विशेष महत्त्वाचा आहे. मूळ अर्थ हुंडी खरेदी करण्याचे मोल, इतकाच. परंतु रुपया आणि पौंड यांच्या भावाचा वाद देशभर पेटला, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी विनिमय-दरासाठी हाच जुना शब्द पुढे केला, आणि तो वाचकांना समजावून सांगण्याची गरज पडली नाही. ज्या समाजाजवळ वस्तू असते, त्याजवळ तिचे नावही असते.

२. सात हाली, सहा कलदार

या शतकभराच्या व्यवहाराचा गाभा एका प्रमाणात सांगता येतो : सात हाली म्हणजे सहा कलदार. सरकारी हिशेबात १०० कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा भाव मांडीत. हे प्रमाण आले कोठून, हे नाणी तराजूत घालून पाहिल्यास उमजते. कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम व त्यात चांदी हजारी ९१७. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम व चांदी हजारी ८१८; म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. पहिल्या संख्येस दुसरीने भागल्यास १.१७ येतात, आणि सातास सहाने भागल्यासही १.१७ च येतात. अर्थात हा भाव मूळचा कोणा अधिकाऱ्याच्या लेखणीतून उतरलेला नसून तो चांदीतच होता. दोन्ही नाणी चांदीची असेतोवर सराफाने केवळ वजन आणि कस पाहावा, म्हणजे हुंडणावळ आपोआप ठरे.

अशा स्थितीत एका बाजूस भाववाढ व दुसऱ्या बाजूस स्थैर्य असे फार काळ राहू शकत नाही. जालन्यात ज्वारी सात हाली रुपयांस मिळत असेल आणि देऊळगावात तेवढीच ज्वारी पाच कलदारांस पडत असेल, तर गाड्या देऊळगावाहून जालन्याकडे वळतील. वाटेत करोडगिरीचा नाका होता. साधारणतः शेकडा पाच जकात, गाडीभाडे आणि व्यापाऱ्याचा नफा एवढा फरक दोन्ही भावांत राहू शके. त्यापलीकडचा फरक व्यापार पुसून टाकी. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव्ह कासेल याने १९१८ मध्ये ज्यास क्रयशक्ति-समता असे नाव दिले, ते तत्त्व हेच. दोन चलनांचा विनिमय-दर अखेरीस त्या चलनांच्या खरेदीच्या शक्तीवर ठरतो. ज्या देशात भाववाढ अधिक, त्याच्या चलनाचा बाहेरील भाव उतरतो. परंतु जेथे हुंडणावळ पक्की बांधलेली असते, तेथे हेच तत्त्व उलट्या दिशेने काम करते : भाव बदलता येत नाही, म्हणून किमती बदलतात. पुढील इतिहास समजण्यास हा दुसरा भाग अधिक उपयोगी आहे.

३. चांदीची घसरण आणि व्याजातील भेद

१८७० नंतर जर्मनी आदी देशांनी सुवर्णचलन स्वीकारले आणि चांदीची किंमत घसरू लागली. लंडनमध्ये १८७० च्या सुमारास एक औंस चांदी ६० पेन्सांस विकली जाई. १९०२ मध्ये ती २४ पेन्सांच्या आसपास आली. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. त्यामुळे सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९२-९३ पर्यंत १५ पेन्सांच्या खाली गेला. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने आपल्या टांकसाळी खाजगी चांदीस बंद केल्या. रुपये पाडणे सरकारच्या हाती गेले, त्यांचा पुरवठा आखडला आणि १८९८ च्या सुमारास रुपया १६ पेन्सांवर स्थिर झाला.

या काळातील एक गोष्ट व्याजाच्या इतिहासात अमोल ठरली. हिंदुस्थान सरकारचे दोन प्रकारचे रोखे लंडनच्या बाजारात विकले जात : काहींचे व्याज सोन्यात, पौंडांत मिळे, काहींचे रुपयांत. ऋणको एकच, विश्वास तोच, केवळ चलन भिन्न. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर याने १८९६ मध्ये या दोन रोख्यांच्या व्याजांची तुलना केली. रुपयाची घसरण चालू असता रुपयाच्या रोख्यावर खरेदीदार अधिक व्याज मागत होते, असे त्यास आढळले. मात्र ही जादा मागणी प्रत्यक्ष घसरणीच्या मानाने अपुरी होती. लोकांनी घसरणीचा अंदाज केला, पण कमी केला. चलनाच्या घसरणीची अपेक्षा व्याजाच्या दरात उतरते, या सिद्धांताचा एक आद्य पुरावा अशा रीतीने आपल्याच रुपयाने पुरविलेला आहे.

हेच तत्त्व हाली-कलदारास लावून पाहू. समजा, कलदाराचे व्याज दरसाल शेकडा ६ आहे, आणि आज ११६ रुपये १० आणे ८ पै हालीस मिळणारे १०० कलदार वर्षाअखेर १२० हालीस मिळतील, अशी पेठेची खात्री झाली आहे. कलदारात रक्कम गुंतविणाऱ्यास वर्षाने १०६ कलदार, म्हणजे १२७ हालीहून थोडे अधिक मिळतील. हालीत कर्ज देणाऱ्यास तेवढेच पदरात पडावयाचे असेल तर त्याने शेकडा ९ व्याज घेतले पाहिजे. सहा टक्के हे पैशाच्या वापराचे मोल, आणि उरलेले तीन टक्के हे हालीवरील अविश्वासाचे मोल होय. उलटपक्षी सात-सहाचे प्रमाण अढळ आहे असा विश्वास असेल तर हा तीन टक्क्यांचा भेद नाहीसा होईल.

१८९३ नंतर हा प्रश्न हैदराबादेपुढे प्रत्यक्ष उभा राहिला. कलदाराचे मोल चांदीपासून सुटले. आता तो सरकारी नियमनाने चालणारा रुपया झाला. हालीची टांकसाळ चांदीस मोकळी राहती, तर हाली चांदीबरोबर खाली गेला असता आणि सात-सहाचे प्रमाण मोडले असते. त्यामुळे हालीसही नियमनाखाली आणणे भाग पडले. १९०४ च्या सुमारास, जॉर्ज कॅसन वॉकर संस्थानाचा अर्थकारभार पाहत असता, चारमिनाराचे चित्र असलेला यंत्रावर पाडलेला महबूबिया सिक्का निघाला. हालीही आता ‘कळीचा’ झाला. पूर्वी जे प्रमाण चांदीने राखले होते, ते यापुढे सरकारी वचनाने राखावयाचे होते. इतिहासाच्या दृष्टीने हा पालट बाह्य रूपापेक्षा फार मोठा आहे.

४. चांदीची चढण आणि कागदाचा उदय

पहिल्या महायुद्धात संकट उलट दिशेने आले. चांदी महागली. एक औंस चांदी सुमारे ४३ पेन्सांवर गेली की १६ पेन्सांचा कलदार आटवून विकणे किफायतीचे ठरे. हालीचा हिशेब केला तर त्याचीही हीच मर्यादा येते. कारण त्याचा भाव आणि त्यातील चांदी ही दोन्ही कलदाराच्या सहा-सप्तमांश होती. १९१७ मध्ये चांदीने ही पायरी ओलांडली व फेब्रुवारी १९२० मध्ये ती ८९ पेन्सांवर पोहोचली. दोन्ही रुपये एकाच वेळी भट्टीच्या वाटेला लागण्याचा प्रसंग आला. हिंदुस्थान सरकारने रुपयाचा भाव वाढविला. हैदराबादेत १९१८ मध्ये चलनाचा कायदा होऊन दहा व शंभर रुपयांच्या कागदी नोटा निघाल्या, १९१९ मध्ये एक व पाच रुपयांच्या आल्या, आणि १९२६ मध्ये हजाराची नोट आली. चलनास उस्मानिया सिक्का हे नाव रूढ झाले. लोकांच्या तोंडी मात्र हाली हाच शब्द राहिला.

५. पेठेचे व्याज आणि शेतकऱ्याचे व्याज

सन १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद-जालन्यावरून हैदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे चालू झाली, आणि जालन्याचा कापूस सरळ मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण या व्यापाराच्या भरभराटीची स्मृती जपते. कापसाची खरेदी दिवाळीपासून होळीपर्यंत चाले. त्या दिवसांत रोकड खेड्यांकडे वाहत असल्यामुळे पैशाची टंचाई होऊन व्याज चढे. सात-सहाचे प्रमाण पक्के असले की मुंबईचा सावकार कलदार पाठवून हालीत कर्ज देण्यास कचरत नसे, कारण उतरत्या भावाचे भय त्यास नसे. त्यामुळे मोठ्या पेढ्यांपुरते बोलावयाचे तर जालन्याचे व्याज मुंबईच्या व्याजापासून फार दूर राहू शकत नसे. बांधलेल्या हुंडणावळीचा हा दुसरा परिणाम होय : चलन स्वतंत्र असले तरी व्याज स्वतंत्र राहत नाही.

तथापि कापूस पिकविणारा शेतकरी या व्यवस्थेच्या बाहेर होता. त्याचे व्याज मुंबईच्या हुंडीवरून ठरत नसे. ते त्याच्या गरजेवरून, जमिनीच्या तारणावरून आणि गावात दुसरा सावकार आहे की नाही यावरून ठरे. त्याची बरीच कर्जे धान्यात असत. पेरणीस घेतलेले बी सुगीला सवाईने किंवा दिढीने परत करावयाचे. पायलीची सव्वा पायली अथवा दीड पायली. सवाई-दिढीची ही चाल केवळ क्रौर्याची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. तिचा आर्थिक अर्थ पाहिला पाहिजे. धान्यात दिलेल्या कर्जास नाण्याच्या चढउताराची झळ लागत नाही. हाली पडो की कलदार चढो, सावकाराची दीड पायली ती दीड पायलीच. फिशरने नाममात्र व्याज व वास्तव व्याज असा जो भेद केला, तो गावच्या सावकारास कृतीने ठाऊक होता. भाववाढीचा धोका कोणी सोसावयाचा, हे ठरविण्याची शक्ती ज्याच्या हाती होती, त्याने तो आपल्या अंगावर घेतला नाही.

६. मंदी : दूरच्या निर्णयाचे ओझे

१९२७ मध्ये हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीप्रमाणे रुपयाचा भाव १८ पेन्स ठरला. तो १६ पेन्स असावा असे आयोगातील पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांचे भिन्नमत होते, आणि त्यावरून देशभर मोठा वाद झाला. उस्मानिया सिक्का कलदारास बांधलेला असल्यामुळे त्याचा भाव आपोआप सुमारे साडेपंधरा पेन्सांवर गेला. हा निर्णय दिल्ली आणि लंडन येथे झाला. अंबड-भोकरदनच्या कापसाची किंमत मात्र त्याने बदलली. मुंबईत परदेशी ग्राहकाकडून जितके पेन्स मिळावयाचे, त्यांचे रुपये आता कमी होत होते.

लगोलग १९२९ ची जागतिक मंदी आली. कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक, १९१४ चे साल १०० धरल्यास, १९२९ मध्ये १४१ होता तो १९३३ मध्ये ८७ वर आला. सप्टेंबर १९३१ मध्ये पौंडाने सुवर्ण सोडले व त्याबरोबर रुपयानेही सोडले. पण १८ पेन्सांचे नाते तसेच राहिले आणि सात-सहाचेही राहिले. हुंडणावळ स्थिर, आणि किमती ढासळलेल्या. शंभर रुपयांचे कर्ज कागदावर शंभराचेच होते. परंतु ते फेडण्यास लागणारा माल दीडपटीहून अधिक झाला होता. नाममात्र व्याज शून्य धरले तरी वास्तव व्याज जबर होते. चलन घसरले नाही, ही गोष्ट त्या वर्षांत ऋणकोच्या दृष्टीने समाधानाची खचितच नव्हती.

७. महागाई : आयात झालेले संकट

दुसऱ्या महायुद्धात चित्र पालटले. इंग्लंडने हिंदुस्थानात केलेल्या युद्धखर्चाबद्दल लंडनमध्ये पौंड जमा होत आणि त्यांच्या आधारावर येथे नोटा निघत. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटींच्या असलेल्या नोटा १९४६ च्या प्रारंभी बाराशे कोटींच्या घरात गेल्या. ऑगस्ट १९३९ ची पातळी १०० धरल्यास घाऊक किमतींचा निर्देशांक १९४४-४५ मध्ये २४० च्या पुढे होता. या सर्व काळात रिझर्व्ह बँकेचा बँक-दर ३ टक्क्यांवर होता. नोव्हेंबर १९३५ मध्ये ठरलेला हा दर नोव्हेंबर १९५१ पर्यंत हलला नाही. रुपया १८ पेन्सांवर होता आणि हाली सात-सहावर होता. तीन किमतींपैकी व्याज व हुंडणावळ या दोन बांधून ठेवलेल्या. म्हणून सर्व ताण तिसरीवर, म्हणजे वस्तूंच्या भावांवर आला.

हैदराबाद संस्थानाजवळ या वेळी स्वतःचे चलन होते आणि एप्रिल १९४२ पासून त्याचा कारभार पाहणारी हैदराबाद स्टेट बँकही होती. तरीसुद्धा महागाई सीमेवर अडली नाही. सात-सहाचे प्रमाण राखावयाचे म्हणजे कलदार घेऊन येणाऱ्यास हाली दिलाच पाहिजे. आणि कलदार वाढले की हाली वाढणार, हे ओघानेच आले. स्वतःचा सिक्का असणे आणि स्वतःचे चलनधोरण असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रॉबर्ट मंडेल व मार्कस फ्लेमिंग यांनी १९६० नंतर मांडलेला विचार याच दिशेचा आहे : पक्का विनिमय-दर, भांडवलाची मोकळी ये-जा आणि व्याजदरावर स्वतःची सत्ता, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. हैदराबादेने पहिल्या दोन राखल्या. तिसरी तिच्या हाती नव्हतीच.

या महागाईत कोणाचे कल्याण झाले? ज्याचे कर्ज रोकड रुपयांत होते आणि ज्याच्या घरी विकावयास माल होता, त्याचा बोजा हलका झाला. ज्याचे कर्ज सवाई-दिढीचे होते, त्यास काही लाभ झाला नाही. आणि जो मजुरीवर पोट भरीत होता व धान्य विकत घेत होता, त्यास महागाई म्हणजे मजुरीतील कपातच होती. मंदीत सर्व ऋणको भरडले गेले. महागाईत त्यांच्यातील फक्त धडधाकट सुटले.

८. प्रमाणाचा अखेरचा अध्याय

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत व निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतर लवकरच निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले : एकाने मौल्यवान धातूंच्या भारतात निर्यातीवर निर्बंध घातले व दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात कायदेशीर राहणार नाही असे ठरविले. याच सुमारास पाकिस्तानास वीस कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने देण्यात आले. यातील विसंगती लक्षणीय आहे. भारताचा रुपया बाजारात नको, पण तिजोरीत भारताचेच रोखे. जालन्यासारख्या पेठेस, जिचा कापूस मुंबईस जाई व जिची वहिवाट वऱ्हाडाशी होती, हा हुकूम पाळणे म्हणजे आपल्याच व्यापाराचा एक हात बांधून घेणे होते. चलनाचा प्रश्न आता हिशेबाचा न राहता सार्वभौमत्वाचा झाला.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत त्या प्रश्नाचा निकाल लागला. १९५० मध्ये भारतीय रुपया संस्थानात कायदेशीर चलन झाला. काही काळ दोन्ही रुपये सात-सहाच्या प्रमाणात चालले. १९५१ पासून नवा हाली निघेनासा झाला आणि १९५९ मध्ये त्याची कायदेशीर मान्यता पूर्णपणे संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. थोड्या वर्षांच्या अवधीत येथील माणसास राज्य, नाणे आणि हिशेबाची रीत, या तिन्ही गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या.

९. संशोधकांस एक सूचना

या इतिहासातून संशोधनाच्या पद्धतीविषयी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. मराठवाड्यातील १९५० पूर्वीच्या वह्या, खतपत्रे, गहाणखते आणि वेतनपत्रके यांत ‘रुपये’ एवढाच शब्द आढळल्यास तेथे थांबले पाहिजे. तो रुपया हाली की कलदार, हे ठरविल्याविना त्या आकड्याची तुलना वऱ्हाडाशी वा नगर-नाशिकशी करता येत नाही. हाली समजून कलदार वाचला, वा उलट केले, तर शेकडा चौदा ते सोळा-सतरा इतका फरक पडतो. आणि एवढ्या फरकावर दोन जिल्ह्यांच्या सुबत्तेविषयीचे संपूर्ण अनुमान उलटू शकते. सालाचेही तसेच. फसली १३५७ हे १९४७-४८ चे वर्ष आहे, हे ध्यानात न घेतल्यास किमतींची मालिका चुकते. कर्ज रोकड होते की धान्यात, हाही प्रश्न प्रत्येक खतास विचारला पाहिजे. कारण वर दाखविल्याप्रमाणे भाववाढीचा परिणाम त्यावर अवलंबून आहे. अर्थशास्त्रीय निष्कर्ष येथे एका विशेषणावर उभा असतो.

सैद्धांतिक निष्कर्षही तितकाच स्पष्ट आहे. पैशास तीन किमती असतात : वस्तूंच्या मापाने एक, काळाच्या मापाने दुसरी आणि परक्या पैशाच्या मापाने तिसरी. पहिलीचा पालट म्हणजे भाववाढ वा मंदी, दुसरी म्हणजे व्याज, तिसरी म्हणजे हुंडणावळ. तिन्ही एका दोरीने बांधलेल्या आहेत. एक खुंटीस अडकविली की ओढ उरलेल्या दोहोंवर येते. निजामी राजवटीने तिसरी खुंटीस बांधली, आणि त्या स्थैर्याचा लाभ प्रामुख्याने पेढीस, निर्यातदारास व सरकारी खजिन्यास झाला. ओढ मात्र ज्वारीच्या भावावर व शेतकऱ्याच्या कर्जावर आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी’ या प्रबंधात हुंडणावळीचे स्थैर्य हेच चलनाच्या गुणाचे प्रमाण मानण्यास हरकत घेतली होती. देशातील वस्तूंच्या संदर्भात रुपयाची खरेदीची शक्ती टिकते की नाही, हा त्यांच्या मते मुख्य प्रश्न होता. हालीचा इतिहास त्यांच्या विवेचनास मराठवाड्याच्या भूमीतून पुष्टी देतो.

१९९३ पासून रुपयाचा बाहेरील भाव मुख्यतः बाजारात ठरतो आणि २०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर किमतींची वाढ ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के अधिक-उणे, राखण्याची कायद्याने जबाबदारी आहे. म्हणजे खुंटी बदलली आहे. आता पहिली किंमत बांधण्याचा यत्न आहे व तिसरी सैल सोडलेली आहे. दोरी मात्र तीच आहे. परदेशी कापसाच्या भावावर व डॉलरच्या हुंडणावळीवर ज्याचा हंगाम अवलंबून आहे, त्या परतूर-अंबडच्या शेतकऱ्यास आजही हाच प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे : या तीन किमतींपैकी स्थिर कोणती ठेवावयाची हे ठरविताना, उरलेल्या दोहोंची ओढ कोणाच्या खांद्यावर येणार, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय?